बांध मालकाचा, श्रेणी बांधाखालच्या घरांची: मातीच्या लहान खासगी धरणांचे वर्गीकरण कसे होते

हवाई बेटांपैकी कावाई बेटावर का लोको नावाचा मातीचा बांध होता. उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी १८९० च्या सुमारास तो बांधला आणि पुढे तो खासगी मालकीत राहिला. १४ मार्च २००६ च्या पहाटे, कित्येक आठवड्यांच्या संततधार पावसानंतर तो फुटला. खालच्या ओढ्यावरचा दुसरा बांधही त्या लोंढ्यात गेला आणि सात माणसे मेली. सरकारी नोंदीत का लोकोची श्रेणी होती ‘कमी धोका’.

‘कमी धोका’ या शब्दांचा अर्थ बहुतेक मालक असा घेतात, की आपला बांध मजबूत आहे. त्या शब्दांत बांधाच्या मजबुतीबद्दल एक अक्षरही नसते. बांध फुटलाच तर खाली कोणाचे काय जाईल, एवढेच ती श्रेणी सांगते. हा एक मुद्दा नीट कळला की बाकीचे वर्गीकरण अवघड राहत नाही.

आधी ‘लहान’ म्हणजे किती, ते पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण सूचीत नव्वद हजारांहून अधिक धरणे आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत आणि बहुसंख्य मातीची. नुसत्या आकारावर या सूचीत येण्याचे दोन रस्ते आहेत. उंची किमान २५ फूट, म्हणजे ७.६ मीटर, आणि साठा १५ एकर-फुटांपेक्षा जास्त, म्हणजे सुमारे १८,५०० घनमीटर. किंवा उंची ६ फुटांपेक्षा जास्त आणि साठा किमान ५० एकर-फूट, म्हणजे सुमारे ६१,७०० घनमीटर. भारताचा धरण सुरक्षा कायदा, २०२१ याहून वर सुरू होतो. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणे येतात. १० ते १५ मीटरमधली धरणे तेव्हाच येतात, जेव्हा माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर अशी ठरावीक अटींपैकी एखादी लागू होते. दहा मीटरच्या आतला बांध, मग तो कोणाचाही असो, या कायद्याच्या कक्षेत नाही.

आता एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोबत ठेवू. बांध ७ मीटर उंच. पाणी सर्वांत जास्त चढते तेव्हा बांधाजवळ खोली ६ मीटर आणि पाणपसारा अडीच हेक्टर. साठ्याचा अंदाज काढायची सोपी रीत अशी: पाणपसारा चौरस मीटरमध्ये, गुणिले सर्वांत जास्त खोली, गुणिले ०.४. तलावाचा तळ बशीसारखा असतो, चौकोनी टाकीसारखा नसतो, म्हणून ०.४. २५,००० × ६ × ०.४ म्हणजे ६०,००० घनमीटर. आकाराच्या दृष्टीने हा बांध अमेरिकी सूचीच्या दोन्ही निकषांत थोडक्यात बसत नाही आणि भारतीय कायद्यापासून तर दूरच आहे.

तो फुटला तर काय होते? फुटलेल्या मातीच्या धरणांच्या नोंदींवरून फ्रोलिक या अभियंत्यांनी १९९५ मध्ये एक सूत्र मांडले. लोंढ्याचा कमाल विसर्ग, घनमीटर प्रति सेकंद = ०.६०७ × साठ्याचा ०.२९५ वा घात × पाण्याच्या उंचीचा १.२४ वा घात. आपले आकडे घातले की उत्तर येते सुमारे १४०. पावसाळ्यात बातम्यांत ऐकू येणाऱ्या एककात सांगायचे, तर पाच हजार क्युसेक. एरवी उडी मारून ओलांडता येणाऱ्या ओढ्यात हे पाणी येते आणि पाव ते अर्ध्या तासात बहुतेक तलाव रिकामा होतो. अंदाज कच्चा आहे, पुढेमागे बराच होऊ शकतो. पण लहान बांधाचा लोंढा लहान नसतो, हे कळायला पुरेसा आहे.

म्हणूनच अमेरिकी सूचीला तिसरा रस्ता ठेवला आहे: आकार कितीही असो, खाली माणसे किंवा मोठे नुकसान असेल तर बांध सूचीत येतो. श्रेण्या तीन. बांध फुटल्यावर माणूस मरण्याचा संभव नाही आणि नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीपुरते राहते, तेव्हा श्रेणी ‘कमी’. माणूस मरण्याचा संभव नाही, पण रस्ता, पाण्याची किंवा विजेची वाहिनी, इतरांची मालमत्ता, पर्यावरण यांचे नुकसान होणार, तेव्हा ‘लक्षणीय’. एक माणूस जरी मरण्याचा संभव असेल, तर ‘उच्च’. एक असो की पाचशे, श्रेणी तीच. बांधाची प्रकृती स्वतंत्र रकान्यात नोंदतात: समाधानकारक, ठीक, खराब, असमाधानकारक. म्हणजे उत्तम राखलेला बांध ‘उच्च’ श्रेणीत असू शकतो आणि भेगाळलेला बांध ‘कमी’ श्रेणीत. खरी काळजी दोन्ही रकाने एकत्र वाचून करायची.

दक्षिण आफ्रिकेत शेतावरचे बांध पुष्कळ, त्यामुळे तिथला नियम शेतकऱ्याच्या मापाचा आहे. भिंत ५ मीटरपेक्षा उंच आणि साठा ५०,००० घनमीटरपेक्षा जास्त असेल, तर नोंदणी करावी लागते. आपला ७ मीटरचा बांध तिथे सापडला असता. मग दोन गोष्टींचा मेळ घालतात. उंचीने ५ ते १२ मीटर लहान, ३० पर्यंत मध्यम, त्यावर मोठे. खाली कोणीच मरणार नसेल तर धोका कमी, दहापर्यंत माणसे असतील तर लक्षणीय, दहाच्या वर उच्च. लहान आणि कमी धोक्याचे असेल तर पहिला वर्ग. लहान असूनही खाली एक कुटुंब राहत असेल तर थेट दुसरा वर्ग, आणि तिथून पुढे शासनमान्य अभियंत्याकडून ठरावीक काळाने सुरक्षा तपासणी आली.

श्रेणी ठरवण्याचे खरे काम ओढ्याच्या काठाने चालत करायचे असते. बांधाची उंची मोजायची ती माथ्यापासून खालच्या बाजूच्या सर्वांत खोल पायथ्यापर्यंत, म्हणजे जुन्या ओढ्याच्या तळापर्यंत. मग ओढ्याच्या दोन्ही काठांनी खाली जायचे. फुटल्यावरचे पाणी पुन्हा पात्रात मावेल, किंवा मोठ्या नदीत विरेल, तिथपर्यंत. वाटेतल्या प्रत्येक घराच्या जोत्याची ओढ्याच्या तळापासून उंची लिहून घ्यायची. फरशीपूल, शाळा, मजुरांची पाले, तंबूंची जागा, खालचे दुसरे तळे, सगळे लिहायचे. खालचे तळे विसरणे ही सर्रास होणारी चूक आहे. वरचा लोंढा खालच्या भरलेल्या तळ्यात शिरला की तेही फुटू शकते, आणि मग साठा एकाचा नाही तर दोघांचा येतो. का लोकोखाली तेच झाले.

हिशोबही दोनदा करतात. एकदा बांध कोरड्या दिवशी, अचानक, आतून झिजून फुटला असे धरून, आणि एकदा महापुरात फुटला असे धरून. पुरात खालची माणसे निदान सावध असतात. कोरड्या दिवशी ओढ्यात कपडे धुणारी बाई आणि शेरडे राखणारे पोर असते. दोन्हींत जी श्रेणी वरची येईल ती लागू. अमेरिकेत ओढ्याकाठून कधीमधी जाणारा वाटसरू धरत नाहीत, पण रोज माणसे जमण्याची जागा धरतात.

मालकाला अन्यायाची वाटणारी बाब इथेच येते. श्रेणी आपोआप वर चढते. बांध पन्नास वर्षे तसाच उभा, मालकाने एक पाटी माती हलवलेली नाही, आणि खाली कोणीतरी चार घरे बांधतो. दुसऱ्या दिवसापासून तो बांध ‘उच्च’. आता सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, मोठा करा, तपासण्या करा, आपत्कालीन आराखडा लिहा, आणि खर्च बहुतेक वेळा बांधाच्या मालकाचा. घरे बांधणाऱ्याला परवाना देताना कोणी वरच्या बांधाकडे पाहिलेले नसते. आमच्या मते दोष परवाना देण्याच्या पद्धतीत आहे. पण तो मान्य करूनही पाण्याचा हिशोब बदलत नाही. म्हणून मालकाने वर्षातून एकदा ओढ्याने खाली फिरून यावे, आणि खाली नवे बांधकाम निघताना दिसले तर जोते भरण्याआधी लेखी कळवावे.

अमेरिकेत तळ्याकाठी घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना. वसाहतीतले शोभेचे तळे पुष्कळदा मातीच्या बांधाने अडवलेले असते आणि त्या बांधाची मालकी घरमालकांच्या संघाकडे असते. म्हणजे घराबरोबर तुम्ही बांधाचा हिस्साही घेता. कागद करताना तीन गोष्टी विचाराव्यात: श्रेणी कोणती, शेवटच्या तपासणीत प्रकृती काय लिहिली, आणि दुरुस्तीसाठी संघाकडे शिल्लक किती.

श्रेणीने प्रत्यक्षात काय बदलते? सर्वांत मोठा फरक सांडव्याच्या मापात पडतो. अमेरिकी केंद्रीय मार्गदर्शनाप्रमाणे ‘कमी’ श्रेणीच्या बांधाने शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर सुखरूप बाहेर काढावा, ‘लक्षणीय’ने हजार वर्षांतून एकदा येणारा, आणि ‘उच्च’ने त्या पाणलोटात येऊ शकेल असा जास्तीत जास्त संभाव्य पूर. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या पुरात कित्येक पटींचा फरक असू शकतो. तपासण्याही दाट होतात. उच्च श्रेणीत साधारण दर एकदोन वर्षांनी, कमी श्रेणीत काही वर्षांनी एकदा. नेमका काळ प्रत्येक राज्याचा वेगळा.

आता बांध फुटतो कसा ते पाहू. जगभरच्या मातीच्या मोठ्या धरणांच्या अपघातांत साधारण निम्मे माथ्यावरून पाणी गेल्याने झाले आणि जवळपास तितकेच आतून माती वाहून गेल्याने. उतार घसरून फुटलेली त्या मानाने थोडी. लहान बांधातही याच दोन वाटा आहेत.

माथ्यावरून पाणी जाते ते सांडवा अपुरा पडला किंवा बंद झाला म्हणून. का लोकोच्या स्वतंत्र चौकशीत हेच सर्वांत संभाव्य कारण निघाले: सांडवा जागेवर नव्हता, तो बुजवला गेल्याची चिन्हे होती. इतक्या टोकाला न जाताही सांडवा निकामी होतो. मासे पळू नयेत म्हणून तोंडाशी लावलेली जाळी पहिल्याच पुरात पालापाचोळ्याने गच्च होते. उन्हाळ्यासाठी जास्त पाणी साठावे म्हणून कोणी फळ्या किंवा वाळूच्या गोण्या लावतो आणि काढायचे विसरतो. सांडव्यात बाभळी वाढतात, गाडीसाठी मुरूम टाकला जातो. प्रत्येक वेळी कमी होते ती माथा आणि पाणी यांच्यातली मोकळी उंची, आणि ती मोकळी उंचीच बांधाचे आयुष्य आहे.

माथा सपाट आहे का, हेही मोजून पाहावे. भराव वर्षानुवर्षे दबतो, मध्यभागी सर्वांत जास्त, कारण तिथे तो सर्वांत उंच असतो. म्हणून बांधतानाच उंचीच्या सुमारे ५ टक्के माती जास्त चढवतात. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दर पाच मीटरवर पातळी घेतली, तर खोलगट जागा तासाभरात सापडते. मधला भाग वीतभर खचलेला असेल, तर सगळे पाणी तिथूनच उलटेल आणि तिथेच चर पडेल.

आतून झिजण्याची सुरुवात बहुधा बांधाखालून गेलेल्या नळीशी होते. अमेरिकेतल्या जुन्या लहान बांधांत ही नळी पन्हळी लोखंडी पत्र्याची असते आणि तिचे आयुष्य साधारण २५ ते ५० वर्षे. ती गंजली की भोकांतून माती आत पडते आणि पाण्याबरोबर निघून जाते. वर माथ्यावर किंवा उतारावर खड्डा दिसतो. तो मातीने बुजवून कोणी निश्चिंत झाला तर फसला, कारण माती जिथून गेली ते भोक खाली तसेच आहे. नळी धड असली तरी तिच्या गोल पोटाखाली माती नीट ठोकता येत नाही. नेमक्या त्या फटीतून पाणी वाट काढते. पूर्वी उपाय म्हणून नळीभोवती काँक्रीटच्या कॉलरी, म्हणजे रुंद आडवी कडी, बसवत. त्यांच्याभोवती ठोकणे आणखी अवघड झाले आणि पाणी कॉलरीला वळसा घालून गेले. आता नळीच्या खालच्या भागात तिच्या चारी बाजूंनी काँक्रीटसाठी वापरतात तशा स्वच्छ धुतलेल्या वाळूचा पडदा घालतात आणि त्याला बाहेर निचरा देतात. पाणी जाऊ द्यायचे, माती अडवायची, हे त्याचे काम.

झाडांबद्दल मालकांशी सर्वांत जास्त वाद होतो, कारण झाडे बांध धरून ठेवतात अशी समजूत पक्की असते. गवत धरून ठेवते. झाडाची मुळे बांधात खोल जातात, आणि झाड मेले की मुळे कुजून पोकळ नळ्या उरतात. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट भरावाचा गोळा घेऊन जाते. म्हणून बांधावर आणि पायथ्यापासून २५ फुटांपर्यंत झाड नको. मोठे झाड आधीच असेल तर नुसते कापून मोकळे होऊ नये, कारण कुजण्याचे घड्याळ तिथूनच सुरू होते. पाणी उतरवून खोड आणि जाड मुळे काढायची आणि खड्डा १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, ओलसर चिकणमाती ठोकत भरायचा. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतका ओलावा पुरतो.

बिळांचेही तसेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे गेली, आणि खेकड्यांनी धरण पोखरल्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. ते धरण सरकारी होते आणि लहानही नव्हते, पण शास्त्र तेच. बीळ पाण्याचा मार्ग आखूड करते. दहा मीटर मातीतून झिरपणारे पाणी पाच मीटरमध्ये बाहेर आले, तर त्याचा जोर दुप्पट होतो. तरीही बीळ एका रात्रीत धरण पाडत नाही. त्याआधी गळती दिसते, आणि तिच्यावर काम करायला वेळ मिळतो. तो वेळ कोण वापरतो, हा प्रश्न आहे.

गळती प्रत्येक मातीच्या बांधाला असते. ती किती आणि कशी, हे पाहायचे. पायथ्याशी गळती एका छोट्या चरात गोळा करावी, तिथे पन्हळ लावावी आणि दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. वीस सेकंद लागले तर अर्धा लिटर प्रति सेकंद. शेजारी तलावाची त्या दिवसाची पातळी लिहावी. पातळी तीच आणि गळती वाढली, तर आत काही बदलले आहे. काचेच्या बाटलीत पाणी धरून तासभर ठेवावे. तळाशी माती बसली, तर बांध आतून निघून चालला आहे. त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे.

तो येईपर्यंत करायच्या आणि न करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. खालच्या बाजूने माती उसळत असेल तर ते तोंड चिकणमातीने किंवा सिमेंटने बंद करू नये. पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी स्वच्छ जाडसर वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर टाकावेत. पाणी येत राहील, माती थांबेल. तलावाची पातळी उतरवायला लागावे, पण एरवी दिवसाला फुटभरापेक्षा जास्त नाही. पाणी झपाट्याने उतरले तर आतल्या बाजूची भिजलेली माती पाण्याचा आधार सुटून तलावात घसरते. बांध हातचा जातोच आहे असे दिसले तर ही मर्यादा बाजूला राहते आणि माणसे हलवणे पहिले येते.

खासगी बांधांचा इतिहास आपल्याकडेही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव मालगुजारांच्या मालकीचे होते. पार, म्हणजे बांध, कोणी चढवायची, तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कोणी उघडायचे, हे गावात ठरलेले असे. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पार रोज पाहणारा माणूस अनेक ठिकाणी नाहीसा झाला. शेततळ्यांची गोष्ट वेगळी आहे. ३० × ३० × ३ मीटरचे जमिनीत खोदलेले तळे फुटून कोणावर येत नाही, कारण जमिनीच्या पातळीखालचे पाणी बाहेर वाहू शकत नाही. इंग्लंडच्या कायद्यात तर मोजतातच आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर धरलेले पाणी, २५,००० घनमीटरपासून पुढे. म्हणून उतारावर, चारी बाजूंनी भराव चढवून केलेले तळे आणि नाल्यावर आडवा घातलेला बांध यांच्याकडे लक्ष द्यायचे, आणि तिथे खाली कोण राहते ते पाहायचे.

आपत्कालीन आराखडा दोन पानांतही मावतो. पहिल्या पानावर ओढ्याचा नकाशा: बांधापासून प्रत्येक घर किती मीटरवर, आणि कोणत्या बाजूने उंचावर जायचे. दुसऱ्यावर फोन नंबर: खालच्या घरांतले प्रत्येकी दोन, पोलीस पाटील किंवा पोलीस, तहसील, अभियंता, खोदाई यंत्रवाला आणि वाळूवाला. कोणती खूण दिसली की कोणाला फोन करायचा, ते त्याच पानावर. गढूळ गळती दिसली तर अभियंत्याला. पाणी माथ्यापासून हातभरच खाली राहिले, तर खालच्या घरांना तयार राहायला सांगायचे. माथ्यावरून पाणी निघाले किंवा उतार खचला, तर कोणाची परवानगी न विचारता घरे रिकामी करायला सांगायचे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ गावाजवळचा केली बार्न्स बांध ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास फुटला आणि खालच्या बायबल कॉलेजच्या आवारात झोपलेली माणसे धरून ३९ जण गेले. चौकशीत एकच एक कारण सिद्ध झाले नाही. त्यामुळे नंबर लिहिताना रात्री दीड वाजता कोणता फोन उचलला जातो, ते त्या घरी जाऊन विचारावे, आणि दर पावसाळ्याआधी एकदा लावून पाहावा.